‘स्टील’चा चाकू आणि ‘लोखंडी’ कोयता

घडीच्या चाकूच्या खोक्यावर जो मजकूर छापलेला असतो, तो वाचण्याची आपल्याला सवय नसते. किंमत पाहिली, पाते उघडून अंगठा हलकेच आडवा फिरवला, की खरेदी झाली. पण हा मजकूर एकदा नीट वाचावा, अशी माझी विज्ञानशिक्षकांना सूचना आहे. इतक्या थोड्या जागेत इतकी अर्धसत्ये दुसरीकडे क्वचितच सापडतील. ‘स्टेनलेस स्टीलचे पाते’, ‘शस्त्रक्रियेच्या दर्जाचे पोलाद’, ‘अतिकठीण’, ‘कधीही न गंजणारे’, ‘दीर्घकाळ टिकणारी धार’ असे पाचसहा शब्दप्रयोग असतात आणि तेच आलटून पालटून सगळ्या खोक्यांवर दिसतात. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे, तसे या मजकुराचे परीक्षण येथे करावयाचे आहे. मात्र खोक्याच्या जोडीला आणखी एक मजकूर तपासणे भाग आहे. तो म्हणजे आपण वर्गात फळ्यावर जे लिहितो तो. खोक्यावरचे दावे मुलांना खरे वाटतात, ते बव्हंशी फळ्यावरच्या वाक्यांमुळेच.

बोलीभाषेपासून सुरुवात करू. आपल्या बोलण्यात ‘स्टील’ म्हणजे चकचकीत, न गंजणारे, नव्या काळाचे. आणि ‘लोखंडी’ म्हणजे काळे, गंजणारे, जुन्या वळणाचे. उत्तनच्या किनाऱ्यावर किंवा भाईंदरच्या बाजारात मासे कापणाऱ्या कोळणीच्या हातातला कोयता आपण लोखंडी म्हणतो आणि घरच्या ओट्यावरचा चमचा स्टीलचा म्हणतो. धातुशास्त्राला विचारले तर उत्तर निराळे मिळते. असा कोयता पुष्कळदा मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा तोडून लोहाराने घडवलेला असतो. त्या पाट्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान कार्बन असतो, तो तापवून विझवला की कडक होतो, म्हणजे शब्दाच्या खऱ्या अर्थाने ते पोलाद आहे. उलट चमच्यात कार्बन जेमतेम दहावा हिस्सा टक्का, आणि कितीही तापवून पाण्यात बुडवला तरी तो कडक होत नाही. धार धरण्याच्या दृष्टीने पाहिले, तर ज्याला आपण स्टील म्हणतो ते कच्चे आणि ज्याला लोखंड म्हणून नाक मुरडतो ते पक्के. शब्दांनी केलेली ही अदलाबदल खोके छापणाऱ्याच्या फार सोयीची आहे.

मीरा-भाईंदरच्या शाळांना हा भेद शिकवण्यासाठी दूर जायला नको. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये स्टेनलेस स्टीलची भांडी बनवण्याचा धंदा कित्येक वर्षे चालत आला आहे. पत्र्याच्या गोल चकत्या कापायच्या, त्या प्रेसखाली दाबून त्यांचे डबे, वाट्या, पातेली करायची, कडा वळवायच्या आणि शेवटी पॉलिश चढवायचे, असे हे काम. इथल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी त्यावर चूल पेटते. सपाट चकती खोल डब्याच्या आकारात ओढली जाते आणि तरी फाटत नाही, हे त्या पत्र्याचे मोठे वैशिष्ट्य. ज्या स्फटिकरचनेमुळे पत्रा असा ताणला जातो, त्याच रचनेमुळे त्याचा चाकू होत नाही. भांड्याचा गुण हा चाकूचा दोष आहे. शहरभर स्टेनलेस स्टील, आणि त्यातल्या बहुतेकाला धार लावण्यात अर्थ नाही, ही वस्तुस्थिती आपल्या विज्ञानाच्या तासाला कधी येत नाही.

येते काय, तर ‘७४-१८-८’ ही आकडेवारी. लोह ७४, क्रोमिअम १८, आणि आठ कशाचे? मुलांच्या वह्यांमध्ये मी ‘८ टक्के कार्बन’ असे लिहिलेले अनेकदा पाहिले आहे. ते आठ टक्के निकेलचे. पोलादात कार्बनचे प्रमाण फार तर दोन टक्क्यांपर्यंत जाते. ओतीव लोखंड, ज्याचे तवे हातातून पडले तर फुटतात, त्यातसुद्धा ते चारच्या आसपास असते. आठ टक्के कार्बनचा डबा प्रेसखाली ठेवला तर त्याचा भुगा होईल. एका शब्दाची ही गफलत क्षुल्लक नव्हे, कारण निकेल आणि कार्बन यांची कामे वेगळी आहेत आणि त्या वेगळेपणातच भांडे आणि चाकू यांचा सगळा फरक आहे. जर्मनीतील क्रुप कारखान्यात १९१२च्या सुमारास माउरर आणि श्ट्राउस यांनी हे निकेलयुक्त पोलाद सिद्ध केले. एरवी फक्त तप्त लोखंडात आढळणारी ऑस्टेनाइट ही स्फटिकरचना निकेलमुळे खोलीच्या तापमानालाही टिकून राहते. ती मऊ, ताणली जाणारी आणि चुंबकाला दाद न देणारी. निकेल महाग, म्हणून आपल्याकडच्या स्वस्त भांड्यांत त्यातले बरेचसे काढून मँगॅनीज घातलेले २०० मालिकेचे पोलाद वापरतात; रचना तीच राहते.

जाता जाता चुंबकाविषयी. ‘चुंबक चिकटला तर स्टील नकली’ हा समज बाजारात आणि शिक्षकांच्या खोलीतही सारखाच पक्का आहे. तो सोडून द्यावा. अगदी अस्सल १८-८च्या वाटीची वळवलेली कड चुंबकाला किंचित ओढ देते, कारण थंड अवस्थेत वाकवताना तिथल्या काही ऑस्टेनाइटचे रूपांतर झालेले असते. ज्यात निकेल नाही पण क्रोमिअम भरपूर आहे अशा पोलादाची भांडीही असतात. इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या भांड्यांचे बूड त्याचेच, आणि ते चुंबकाला घट्ट चिकटते. उत्तम चाकूचे पातेही चिकटते, दाढीचे पातेही चिकटते. चाकूच्या बाबतीत तर उलट म्हणावे लागेल, की पाते चुंबकाला अजिबात चिकटत नसेल तर ते भांड्याच्या पत्र्यातून कापलेले असण्याची शंका घ्यावी. चिकटले म्हणजे मात्र चांगलेच, असे नाही.

आता कार्बनचे काम. लोहार पात्याला ‘पाणी देतो’ हा आपल्या भाषेतला किती नेमका शब्दप्रयोग आहे! लालबुंद पाते पाण्यात किंवा तेलात बुडवले की तप्त अवस्थेत लोखंडाच्या स्फटिकांमध्ये विरघळलेल्या कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळ मिळत नाही. ते आत अडकतात, स्फटिक ओढाताण होऊन एका दिशेने लांबट बनतो आणि लोखंडाचे थर एकमेकांवरून सरकणे अवघड होऊन बसते. या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. तिचा कठीणपणा मुख्यतः अडकलेल्या कार्बनवर ठरतो. कार्बनच नसेल तर पाणी द्यायचे कशाला?

हे फळ्यावर सांगण्यापेक्षा दाखवावे. शिवणाच्या चार सुया घ्या. एक तशीच ठेवा. बाकीच्या तीन चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत लाल होऊ द्या. एक ज्योतीतून हळूहळू बाहेर काढून हवेत निवू द्या, दोन चटकन पाण्यात बुडवा. पहिली मूळ सुई वाकवली तर उसळून परत सरळ होते. हवेत निवलेली सुई तारेसारखी वाकते आणि वाकलेलीच राहते. पाण्यात बुडवलेली एक सुई पकडीने वाकवून पाहा; काचेसारखी तडकन मोडेल. (ती कापडात गुंडाळून मोडावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि हे काम शिक्षकांनीच करावे.) चौथी सुई काचकागदाने घासून चकचकीत करा. पुष्कळ सुयांवर निकेलचा मुलामा असतो, तो निघून गेला पाहिजे, नाहीतर पुढचे रंग नीट दिसणार नाहीत. मग ती ज्योतीच्या वर धरून अगदी हळू तापवा. आधी गवती पिवळा रंग येईल, तो साधारण २२५ अंश सेल्सिअसला. मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. निळा दिसताच बाजूला घ्या. आता सुई पुन्हा लवचीक झालेली आढळेल. लोहार याच रंगांवर नजर ठेवून पाणी उतरवतो. धारेला पिवळ्यावर थांबायचे की कमानीला निळ्यापर्यंत जाऊ द्यायचे, हे त्याला तापमापकाशिवाय कळते. चारही सुयांची रासायनिक घटना एकच आहे, हे मुलांकडून वदवून घ्यावे. मग स्टेनलेसची ताठ तार असेल तर तिच्यावर हाच प्रयोग करावा. पाण्यात बुडवल्यावर ती कडक होण्याऐवजी आणखी मऊ झालेली दिसेल, कारण तिचा ताठपणा थंड अवस्थेत ओढल्यामुळे आलेला होता आणि तो तापवताच निघून गेला.

खोक्यावर नुसते पोलादाचे नाव छापण्यातला पहिला मोठा दोष यातून उघड होतो. नाव सांगते ते घटकद्रव्य. पाणी कसे दिले आणि किती उतरवले ते सांगत नाही. याचे इतिहासातले उदाहरण मोठे गमतीचे आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हा संशोधक बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलादाचे प्रकार तपासत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमिअम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पृष्ठभाग आम्लाने खरवडावा लागतो, तो खरवडेना. व्हिनेगर आणि लिंबाच्या रसालाही तो दाद देईना. ब्रिअर्लीला नळ्यांऐवजी सुऱ्या दिसू लागल्या. त्याने पोलाद शेफील्डच्या सुरी-कारागिरांकडे पाठवले आणि त्यांनी ते नेहमीच्या पोलादाप्रमाणे तापवून विझवले. सुऱ्या गंजल्या नाहीत, पण कापेनातही. न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा माणूस, अशी त्याची थट्टा झाली. पोलाद तेच होते, चुकली होती ती आच. साध्या कार्बन पोलादाला आठशे अंशांच्या आसपास तापवून पाणी देता येते. क्रोमिअम मात्र कार्बनला धरून ठेवतो आणि त्याच्या तावडीतून तो सुटायला हजार अंशांच्या जवळपास जावे लागते. कारागिरांना एवढी आच म्हणजे पोलाद जाळणेच वाटे.

यापुढे ‘अतिकठीण’ हा शब्द पाहू. काही उत्पादक त्याच्या जोडीला रॉकवेल सी मापावरचा आकडा देतात, हे चांगलेच आहे. हिऱ्याचा शंकू ठरावीक भाराने धातूत रोवून तो किती खोल गेला यावर हे माप बेतलेले असते. आकडा मोठा तर पाते चांगले, असे मुलांना लगेच वाटते, कारण ‘कठीण वस्तू मऊ वस्तूला कापते’ एवढेच आपण मोजमापपट्टी शिकवताना सांगितलेले असते. स्विस लष्करी चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीने जाहीर केलेले आकडे याला चांगला उतारा आहेत. (या नावातला ‘इनॉक्स’ हा न गंजणाऱ्या पोलादाचा फ्रेंच शब्द, संस्थापकाच्या आईचे नाव व्हिक्टोरिया.) त्यांच्या एकाच चाकूत पात्याचा कठीणपणा ५६, करवत आणि कात्रीचा ५३, पेचकस आणि डबा फोडणीचा ५२, आणि बुचे काढण्याच्या मळसूत्राचा व कमानींचा ४९ असतो. पोलाद उत्तम म्हणून सगळीकडे ५६ ठेवले असते तर काय झाले असते? पेचकसाचे टोक पीळ सहन न होऊन तुटले असते, कमान मोडली असती. कठीणपणा आणि चिवटपणा ही एकाच पारड्यात टाकायची वजने नव्हेत. पहिला वाढवला की सहसा दुसरा उतरतो. ६२ आकड्याचे पाते नारळाच्या करवंटीवर मारले तर त्याच्या धारेचे कपचे उडतील, तिथे पन्नाशीतला कोयता हसत काम करील.

‘कठीण मऊला कापते’ या वाक्याचीही मर्यादा सांगायला हवी. केस हा पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. मग दाढीचे पाते बोथट का होते? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रोसिओली, ताहेरी-मूसावी आणि टासान यांनी या प्रश्नाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०२०च्या ‘सायन्स’मध्ये उत्तर प्रसिद्ध केले. धार घासून गोल होते हा नेहमीचा तर्क अपुरा ठरला. केस तिरपा वाकून धारेच्या कडेशी भिडला, आणि त्या जागी पोलादाची सूक्ष्मरचना एकसारखी नसली, तर धारेचा बारीकसा कपचा निघतो. मऊ वस्तू कठीण वस्तूला घासत नाही, पण योग्य कोनात गाठली तर फोडते. वर्गात हे एक उदाहरण दिले, तरी कठीणपणाच्या यादीवरची मुलांची आंधळी श्रद्धा पुष्कळ कमी होईल.

‘दीर्घकाळ टिकणारी धार’ याला पुरावा म्हणून हल्ली प्रयोगशाळेतील चाचणीचे आकडेही दिले जातात. शेफील्डच्या कॅट्रा या संस्थेच्या यंत्रावर ही चाचणी होते व तिचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरलेले आहे. पाते उलटे धरून त्यावर कागदाच्या पट्ट्यांची थप्पी ५० न्यूटन बलाने दाबायची, पाते पुढेमागे सरकवायचे आणि ६० फेऱ्यांत एकूण किती मिलिमीटर थप्पी कापली गेली ते मोजायचे. चाचणी शिस्तीची आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या कागदात पाच टक्के वाळूची पूड, म्हणजे सिलिका, मिसळलेली असते. तेव्हा ही चाचणी मुख्यतः घासून होणारी झीज मोजते. पात्यात कार्बाइडचे कण जितके जास्त आणि जितके टणक, तितका आकडा वर जातो. व्हॅनेडिअमचे कार्बाइड क्वार्ट्झच्या दुपटीहून अधिक कठीण, म्हणून चार टक्के व्हॅनेडिअम असलेली आधुनिक, धातूच्या पुडीपासून घडवलेली पोलादे इथे बाजी मारतात. धार मुरडणे, कपचे उडणे, गंजाने धार खाल्ली जाणे या गोष्टी या परीक्षेच्या अभ्यासक्रमातच नाहीत. एका विषयाचे गुण पाहून विद्यार्थ्याचा क्रमांक ठरवावा, तसे हे होते. शिवाय तेच व्हॅनेडिअम कार्बाइड धार लावण्याच्या नेहमीच्या ॲल्युमिनिअम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण असते. धार उशिरा जाते हे खरे, पण एकदा गेली की घरच्या दगडावर ती परत आणताना दमछाक होते. सायकलवर सहाण फिरवत येणाऱ्या धारवाल्याच्या हवाली असे पाते केले, तर तो बिचारा जोर वाढवील, धार तापून निळी पडेल आणि पाणी उतरेल. खोक्यावर याविषयी अवाक्षर नसते.

खिशातला चाकू दिवसभरात कापतो तरी काय? पार्सलचे पुठ्ठे, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, सुतळी, आंबा, पेरू. पुठ्ठ्यात खनिज भराव आणि धूळ असते, तिथे झीज महत्त्वाची. त्या कामापुरती कॅट्राची चाचणी जवळची म्हणता येईल. फळांत आम्ल असते. आणि मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणी या सगळ्यांवर कडी करणारा चौथा पदार्थ आहे: मीठ.

एका बाजूला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरे. इथे ‘कधीही न गंजणारे’ हा दावा रोजच्या रोज तपासला जातो. स्टेनलेस पोलादाचे रक्षण करते ते क्रोमिअम ऑक्साइडचे पटल, जाडी फक्त काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने ते पुन्हा जुळते. त्यासाठी धातूत किमान साडेदहा टक्के क्रोमिअम हवे. आणि ते नुसते असून भागत नाही, मोकळे हवे. डी-२ नावाच्या पोलादात सुमारे १२ टक्के क्रोमिअम असते, पण कार्बनही दीड टक्का. त्यामुळे क्रोमिअमचा बराच भाग कार्बाइडमध्ये बांधला जातो, उरलेला पटलाला पुरत नाही आणि पात्यावर तांबूस ठिपके येतात. एकूण टक्केवारी पाहून ‘स्टेनलेस’ म्हणणाऱ्याला डी-२ खोटे पाडते. मिठातील क्लोराइडचा हल्ला आणखी कावेबाज. तो पटल सगळीकडून खरवडत नाही. एखाद्या कमजोर जागी भोक पाडतो आणि तिथून खोल जातो. घडीच्या चाकूत सर्वांत धोक्याची जागा म्हणजे मुठीतली फट आणि बिजागरी. तिथे खारे पाणी अडकते, ऑक्सिजन पोचत नाही आणि तुटलेले पटल जुळत नाही. बाहेरून आरशासारखे पाते आणि आत गंजून अडकलेली खीळ, असा चाकू किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणाच्याही खणात सापडेल. पोलादात थोडे मॉलिब्डेनम असेल तर प्रतिकार वाढतो. गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, बिजागरीत तेलाचा थेंब सोडला तर त्याहून वाढतो.

या पार्श्वभूमीवर ‘लोखंडी’ कोयत्याकडे परत पाहावे. तो गंजतो, हे उघड आहे आणि ते उघड असणे हाच त्याचा फायदा. गंज वरवर आणि सगळीकडे सारखा येतो, दिसतो, पुसला जातो. आणि रोज दगडावर घासताना त्याचा मागमूस राहत नाही. जिला दिवसातून कितीतरी मासे कापायचे आहेत, तिला दोन-चार मिनिटांत परत येणारी धार हवी, महिनाभर टिकून मग आठवडाभर रुसणारी नको. काटा लागला तर कपचा उडण्यापेक्षा धार किंचित मुरडलेली परवडते. तिची निवड अज्ञानातून झालेली नाही. ‘आधुनिक स्टील येऊनही पारंपरिक लोक लोखंड वापरतात’ अशा सुराची वाक्ये मुलांच्या प्रकल्पवह्यांत दिसतात, ती तिथेच खोडावीत. उत्तन-डोंगरीच्या मुलांसमोर त्यांच्या आईच्या हत्याराविषयी चुकीचे बोलणे हे शास्त्रातही बसत नाही.

आता नावांविषयी थोडे. ‘शस्त्रक्रियेच्या दर्जाचे पोलाद’ या नावाची कोणतीही एक ठरलेली जात नाही. हाडात बसवायच्या पट्ट्यांचे ३१६ पोलाद भांड्यांच्या कुळातले, त्याला पाणी देता येत नाही. चिमटे-कात्र्यांचे ४२० पोलाद कडक होते. दोन्ही शस्त्रक्रियेच्या खोलीत असतात. खोक्यावर यांपैकी कोणते अभिप्रेत आहे, ते लिहिणाऱ्याला तरी ठाऊक असेल का, शंका आहे. नुसते ‘४४०’ लिहिलेले असले तरी फसगत होते. ४४०ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२०, मधले अक्षर गाळणे म्हणजे परीक्षेचा निकाल सांगताना श्रेणी गाळणे. त्या मानाने काही चिनी नावे प्रामाणिक आहेत. ‘३सीआर१३’ म्हणजे कार्बन साधारण ०.३ टक्के, क्रोमिअम १३ टक्के. ‘८सीआर१३एमओव्ही’ म्हणजे कार्बन ०.८, क्रोमिअम १३, आणि थोडे मॉलिब्डेनम व व्हॅनेडिअम. दहावीच्या मुलांना संज्ञा वाचण्याचा याहून चांगला स्वाध्याय मिळणार नाही.

‘जर्मन स्टील’, ‘जपानी स्टील’ असे देशाचे नाव लावण्याची खोडही जुनी आहे, आणि तिचा एक बळी आपल्याजवळचाच आहे. मुंबईत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्यावर जो निबंध वाचला, त्याच्या मथळ्यातच हे पोलाद ‘मुंबईत तयार होणारे’ असे म्हटले होते. वूट्झ दक्षिणेकडे, म्हैसूर, सेलम, हैदराबादकडील प्रदेशांत मातीच्या मुशींमध्ये होत असे. मुंबईहून जहाजावर चढले म्हणून ते मुंबईचे ठरले. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेल्या या पोलादाचे रहस्य उलगडताना पुढे मायकेल फॅरेडेसारखा माणूसही चकला. त्याने त्याचे गुण सिलिका आणि ॲल्युमिना यांच्या नावावर टाकले. गावाचे किंवा देशाचे नाव पात्याविषयी फारच थोडे सांगते.

आणि एवढे सगळे छापूनही खोके ज्याबद्दल गप्प असते, ती गोष्ट म्हणजे धारेचा आकार. कापणे म्हणजे पाचर घुसवणे. धारेचा कोन एका बाजूला २० अंशांवरून १५ वर आणला, धारेमागची जाडी थोडी कमी केली, तर कापायला लागणारे बल जितके उतरते, तितके पोलाद बदलून क्वचितच उतरेल. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने आपल्या ‘नाइफ इंजिनिअरिंग’ (२०२०) या पुस्तकात कॅट्रा यंत्रावरच्याच आकड्यांनी दाखवले आहे, की कोन बारीक केल्याने धारेचे आयुष्यही वाढलेले मोजले जाते. पोलादाचे काम आहे ते हा बारीक कोन पेलण्याचे. मऊ पाते तो पेलत नाही, मुरडते. ठिसूळ पाते तुटते. ज्याच्यात मोठाले कार्बाइडचे खडे आहेत, त्याच्या धारेतून खडेच निखळतात. ‘पोलाद चांगले’ याचा अर्थ इतकाच, की ते तुमच्या कामाला लागणाऱ्या कोनात उभे राहते. तो कोन खोक्यावर छापलेला मी तरी फारसा पाहिलेला नाही.

हे शाळेत मोजता येते आणि त्याला यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. एका लहान लाकडी चौकटीवर शिवणाचा धागा ताणून बांधावा, चौकट काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि पाते धाग्यावर, न सरकवता, सरळ खाली दाबत न्यावे. धागा तुटतो त्या क्षणीचा आकडा टिपावा. पाते शिक्षकांनी धरावे, आकडे मुलांनी लिहावेत. एक ‘स्टील’चा स्वस्त चाकू, एक महागडा, आणि कोणाच्या घरून मिळाली तर जुनी लोखंडी सुरी, अशा तिघांचे प्रत्येकी पाच आकडे घ्यावेत. नंतर प्रत्येकाने पुठ्ठ्याचे सारखे पन्नास काप करून पुन्हा आकडे घ्यावेत. मग तिन्ही पात्यांना एकाच दगडावर मोजून पाच-पाच मिनिटे धार लावावी आणि तिसऱ्यांदा मोजावे. धागा दर वेळी एकाच रिळाचा आणि ताण शक्यतो सारखा ठेवावा. सैल धाग्यावर आकडा उगीचच वाढतो.